पायाखालची वाळू

स्पीकरचा स्टँड ही काहीही न करण्यासाठी विकत घ्यायची वस्तू आहे. त्याने वाजायचे नाही, हलायचे नाही, डोलायचे नाही. सहा-सात किलोची पेटी ठरावीक उंचीवर धरून गप्प उभे राहायचे. घरात हे काम बिनपगारी करणारी बरीच मंडळी आधीपासून असतात. कपाट असते, शोकेस असते, टीपॉय असतो, अगदीच वेळ आली तर फ्रिज असतो. त्यामुळे त्याच कामासाठी वेगळे पैसे मोजायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘एवढे महागाचे स्पीकर घेतलेस, त्यांनी पाय दिले नाहीत बरोबर?’’

प्रश्न रास्त आहे. रेडिओग्राम यायचा तो स्वतःच्या पायांवर उभा राहायचा. व्हॉल्व्हचा रेडिओ भिंतीवरच्या फळीवर, भरतकाम केलेल्या झाकणाखाली, घरातल्या ज्येष्ठांच्याच हाताला लागेल अशा उंचीवर बसायचा. पुढे म्युझिक सिस्टिम आली आणि तिचे दोन स्पीकर शोकेसच्या डोक्यावर, छतापासून वीतभर खाली जाऊन बसले. कारण वायर तिथपर्यंत पोचत होती आणि मुलांचे हात पोचत नव्हते. आवाज कसा येतो हा मुद्दा तेव्हा नव्हताच. येतो, एवढे पुरे होते.

आज ज्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात त्यांचा सर्वांत नावाजलेला पूर्वज म्हणजे बीबीसीचा ‘एलएस३/५ए’. १९७० च्या दशकात, बाह्यप्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून, त्याची पेटी जेमतेम फूटभर उंच केली गेली. व्हॅनमध्ये तंत्रज्ञाच्या समोर हाताच्या अंतरावर फळी असते. दिवाणखान्यात ती नसते, आणि फूटभर उंचीची पेटी जमिनीवर ठेवली तर ती फक्त रांगणाऱ्या सदस्यांना नीट ऐकू येते.

याचे कारण ध्वनिलहरींच्या लांबीत आहे. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. ती सोफा, सासरे, पडदे यांना वळसा घालून खोलीभर पसरते. १०,००० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ सेंटिमीटरची. ती निघते ती ट्वीटरच्या, म्हणजे उंच स्वर काढणाऱ्या छोट्या भोंग्याच्या, तोंडासमोर, बऱ्यापैकी सरळ. म्हणून जमिनीवरच्या स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा कानाला मिळतो आणि चाटेचा टणत्कार गुडघ्यांना. शिवाय बहुतेक छोट्या स्पीकरमध्ये २,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान खर्ज सांभाळणारा वूफर आपले काम ट्वीटरच्या हाती सोपवतो. कान फार वर किंवा फार खाली असेल तर त्या हस्तांतराच्या वेळी दोघांचे आवाज मागेपुढे पोचतात आणि गायकाच्या आवाजातला थोडा भाग वाटेत गहाळ होतो.

तेव्हा नियम एकच: ट्वीटर कानाच्या पातळीत. सोफ्यावर बसलेल्या प्रौढ माणसाचा कान जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर असतो. त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचे अंतर वजा केले की स्टँडची उंची निघते. बाजारातले बहुतेक स्टँड २४ इंची असतात ते याच हिशेबाने. पण तो हिशेब सोफ्याचा आहे. गादी-तक्क्यावर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान ७०-७५ सेंटिमीटरवर असतो, आणि त्याला १६ ते १८ इंची स्टँड पुरतो. कमी उंची म्हणजे कमी माल, कमी डगमग आणि कमी पैसे. भारतीय बैठकीचा हा फायदा कुठल्याही कॅटलॉगमध्ये छापलेला नाही. मोजमाप घेताना मात्र एक अडचण हमखास येते. टेप काढली की बसलेला माणूस आपोआप ताठ होतो. मोजणाऱ्याची पाठ वळली की तो पाच-सात सेंटिमीटर खचतो आणि पुढची सगळी वर्षे तसाच खचून ऐकतो. माप खचलेल्या माणसाचे घ्यावे.

दुसरे काम न हलण्याचे. न्यूटनचा तिसरा नियम स्पीकरलाही सोडत नाही: आतला शंकू पुढे गेला की पेटी मागे जाते. पण किती? पाच-सहा इंची वूफरच्या हलत्या भागाचे वजन १०-१५ ग्रॅम, पेटीचे सहा किलो. शंकू ५ मिलिमीटर पुढे आला तर पेटी मागे सरते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. महागड्या स्टँडच्या जाहिरातींमधला बराचसा मजकूर या शंभराव्या भागावर उभा आहे. तिसरे काम जास्त महत्त्वाचे आणि ते म्हणजे न गाण्याचे. प्रत्येक पोकळ नळीला आणि प्रत्येक पत्र्याला स्वतःचा एक सूर असतो. गाण्यात तो सूर लागला की नळीही तो धरते, आणि गायकाने सोडल्यावरही क्षणभर सोडत नाही. मैफलीत पहिल्या रांगेत बसून गुणगुणणारे गृहस्थ ज्यांनी सोसले आहेत त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

यासाठी दुकानात करायची परीक्षा फुकट आहे. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतात तसाच स्टँडही वाजवायचा, फक्त निकाल उलटा लावायचा: टणकन वाजला तर ठेवून द्यायचा, ठप्प वाजला तर किंमत विचारायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ही परीक्षा दुकानदाराच्या डोळ्यांदेखत द्यावी लागते आणि तो दर वेळी तीच तक्रार करतो: ‘‘साहेब, स्पीकर वाजवून बघा ना, स्टँड काय वाजवताय?’’

आता माल. सर्वांत सहज मिळणारे म्हणजे लोखंड, बोलीतले ‘एमएस’. तयार स्वस्त स्टँडमध्ये बारीक गोल नळी, वर पत्रा, खाली पत्रा आणि मध्ये चार स्क्रू असतात. त्यातले तीन स्क्रू खोक्यात सापडतात. नळी पातळ पत्र्याची असते आणि तिचा सूर चांगला लागतो, म्हणजेच ती वाईट असते. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तीन इंची चौकोनी पाइप, १६ गेज, आणि खाली-वर ६ मिलिमीटरची प्लेट सांगितली तर काम बहुधा स्वस्तात आणि नक्कीच जाड होते. खालची एक फूट बाय एक फूट प्लेटच चार किलोंच्या वर जाते. अडचण मालाची नसते, समजुतीची असते. हा कारागीर जन्मभर ग्रिल, गेट आणि जिने करत आलेला. नक्षीशिवाय काम सोडणे त्याला अपुरे वाटते.

‘‘मध्ये एक गोल टाकून देऊ का? शोभा येईल.’’

‘‘नको. साधंच हवंय.’’

‘‘ठेवायचंय काय पण यावर?’’

‘‘स्पीकर.’’

‘‘मग एवढी जाड प्लेट कशाला? यावर पाण्याची टाकी बसेल, काका.’’

टाकी बसेल हे खरे आहे, आणि तेच हवे असते. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून डोळ्यांत तेल घालून करून घ्यावी लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट ओढली जाते आणि सपाट राहत नाही. चारही कोपरे जमिनीला टेकलेला वेल्डेड स्टँड क्वचित भेटतो. उपाय असा की प्लेटला खालून नट वेल्ड करून त्यात बोल्टचे पाय घालायचे, म्हणजे वरखाली करता येतात. तीनच पाय ठेवले तर भूमितीच्या कृपेने कुठल्याही खडबडीत फरशीवर स्टँड डगडगत नाही. पण तीन पायांवरचा स्टँड कोपऱ्याच्या दिशेने धक्का बसला की चार पायांच्यापेक्षा लवकर कलंडतो. घरात मूल किंवा मांजर असेल तर चार.

मग त्या पाइपचा सूर घालवायचा. त्यासाठी तो वाळूने भरतात. वाळूचे कण एकमेकांवर घासतात, कंपनाची ऊर्जा त्या घर्षणात जिरते आणि पाइप मुका होतो. वर वजन वाढते ते वेगळेच. तीन इंची पाइपच्या दोन फुटी तुकड्यात साधारण साडेपाच किलो वाळू मावते. एरवी पायाखालची वाळू सरकू नये एवढीच माणसाची इच्छा असते. इथे ती आधी विकत आणून भरावी लागते. ध्वनिवेड्यांच्या जुन्या पद्धतीत शिशाचे छर्रे भरायचे, कारण ते वाळूच्या चौपट जड. पण शिसे विषारी आहे आणि दिवाणखान्यात नातवंडे असतात, म्हणून ती पद्धत वाचून सोडून द्यावी.

वाळू मात्र कोरडी हवी, नाहीतर पाइप आतून गंजतो. बांधकामावरून पिशवीभर मागून आणलेली वाळू ओली असते. ती चाळून गच्चीवर चादरीवर पसरावी लागते, आणि तो हंगाम नेमका वाळवणाचा असतो. एका चादरीवर साबुदाण्याच्या पापड्या, दुसरीवर सांडगे, तिसरीवर वाळू, आणि तिसऱ्या चादरीला राखण का नको हे शेजारच्या गच्चीला समजावण्यात अर्धा दिवस जातो. कोकणात आणि गोव्यात वाळू दाराशीच असते, पण समुद्राच्या वाळूत मीठ असते. ते ओल धरते आणि लोखंड खाते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलायला कायदाही आड येतो.

लोखंडाची उस्तवार नको असेल त्यांच्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइप आहे. दोन फुटांच्या तुकड्यात आठेक किलो वाळू बसते, वरखाली प्लायचे चौकोन, मधून आरपार एक आटे पाडलेला रॉड, दोन्ही टोकांना नट. या वर्गातले हे सर्वांत स्वस्त आणि खरे तर सर्वांत चांगले काम. ठप्प वाजते, गंजत नाही, वाकत नाही. दोष एकच. काळा रंग द्या, कापड गुंडाळा, वेलवेट चिकटवा. घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो कसला पाइप आहे ते पहिल्या नजरेत कळते, आणि चहा होईपर्यंत तो त्यावरून नजर काढत नाही.

लाकडाला घरात मान असतो. सागवानाचा भरीव खांब सुंदर दिसतो आणि लोखंडापेक्षा कमी गुणगुणतो, पण दोन भरीव खांबांच्या किमतीत स्पीकरच बदलता येतील. म्हणून गाडी प्लायवर येते. १८-१९ मिलिमीटरचा प्लाय, दोन-दोन थर फेव्हिकॉलने चिकटवून, हा पर्याय उत्तम आहे. मधला डिंकाचा थर कंपने मारतो. धोका सुताराकडून असतो. सुताराला पोकळी सहन होत नाही. उभ्या खोक्याचे चित्र दाखवले की तो म्हणतो, ‘‘आत जागा फुकट जातेय, दोन ड्रॉवर काढून देतो.’’ ड्रॉवर निघाले की खोका पोकळ राहतो, पोकळ खोका घुमतो, आणि ड्रॉवरच्या मुठी सतारीच्या द्रुत गतीला साथ करतात. एमडीएफ प्लायपेक्षा स्वस्त, जड आणि एकसंध. स्पीकरच्या बहुतेक पेट्याही त्याच्याच असतात. त्याचे वैर फक्त पाण्याशी. पुसायच्या फडक्याचे पाणी कडेतून शिरले की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. महाराष्ट्रात लादी रोज पुसली जाते, तेव्हा एमडीएफ जमिनीला टेकू देऊ नये.

दगडाचा मार्ग ज्यांच्याकडे नुकतेच स्वयंपाकघराचे काम झाले आहे त्यांच्यासाठी. ओट्यात सिंक बसवताना ग्रॅनाइटचा जो चौकोन कापून काढतात तो फरशीवाल्याकडे भिंतीला टेकवून पडलेला असतो आणि गोड बोलून मिळतो. फूट बाय फूट, १८ मिलिमीटरचा तुकडा चार किलोंच्या पुढे भरतो. स्टँडच्या तळाला याहून चांगले काही नाही. कडप्पा आणि शहाबादीही चालतात. नुसता दगड मात्र वाजतो, म्हणून त्याच्या आणि खांबाच्या मध्ये रबराची चकती हवी. पुरा स्टँडच दगडाचा केलेली घरे असतात. तिथे स्पीकरची जागा एकदा ठरली की कुटुंब दुसरीकडे राहायला जाईपर्यंत बदलत नाही.

सिमेंटचा भरीव ब्लॉक वीस-पंचवीस किलोंचा. तो उभा केला की १६ इंच होतात, गादी-तक्क्याला नेमके. त्यावर कापड टाकले नाही तर खोलीचे काम अजून चालू आहे असा समज होतो, एवढेच. त्याच्या शेजारीच गोदामात पांढरे एएसी ब्लॉक असतात. आकाराने भारदस्त, वजनाने पोकळ, आणि कडेने रोज थोडे पीठ गाळणारे. ते घेऊ नयेत. पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे वाळूने भरले तर प्रत्येकी पंचवीस किलोंच्या आसपास जातात आणि दोन डबे एकावर एक ठेवले की सोफ्याची उंची गाठतात. शास्त्राला त्यावर काही आक्षेप नाही. आक्षेप घरातून येतात.

शिलाई मशीनच्या लोखंडी पायांचे स्थान वेगळे. ते ओतीव लोखंडाचे असतात, आणि ओतीव लोखंडात ग्रॅफाइटच्या पापड्या असल्याने ते कंपने जिरवते. लेथ मशीनची बैठक त्याचीच करतात. वजन, रुंदी, उंची, सगळे जमते. अडचण अशी की आजीचे मशीन एक असते आणि स्पीकर दोन. दुसरे जुन्या बाजारात शोधावे तर ते दोन इंच कमी-जास्त निघते. ॲल्युमिनियम हलके म्हणून आणि काच शोभेची म्हणून महाग, दोन्ही वाजतात. प्लास्टिकच्या स्टुलाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

पायांत काय घालावे यावर वाद मोठे आहेत, आणि त्यातले बरेचसे परदेशातून आलेले. तिकडच्या घरांत लाकडी जमीन आणि तिच्यावर गालिचा. गालिचा भेदून खालच्या लाकडाला टेकावे म्हणून स्टँडला अणकुचीदार खिळे आले. ते खिळे स्टँडबरोबर इकडेही आले. इथे खाली काँक्रीटचा स्लॅब आणि वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी. खिळा भेदणार काय? तो फक्त ओरखडा काढतो. मग खिळ्याखाली रुपयाचे नाणे ठेवतात. दोन स्टँडचे आठ पाय, आठ रुपये, आणि झाडू मारताना त्यातले दोन दर आठवड्याला बचत खात्यात जमा होतात. स्लॅबवर साधे रबरी पाय पुरतात. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या लाकडी माळ्यांवर मात्र रबरच हवे, कारण तिथे तळमजल्यावरच्यांना खर्ज न मागता मिळतो.

वरची प्लेट स्पीकरच्या तळापेक्षा थोडी लहान असावी. त्यामागे ध्वनिशास्त्राचे कारण किरकोळ आहे. खरे कारण असे की मराठी घरात उंचावरची कुठलीही सपाट जागा रिकामी राहू शकत नाही. प्लेट दोन बोटे जरी बाहेर आली तरी तिच्यावर किल्ल्या येतात, मग चष्मा, मग बामची बाटली. किल्ली एका ठरावीक स्वराला झणझणते आणि ऐकणारा आठवडाभर ट्वीटर फाटला म्हणून दुकानात फोन करत राहतो. स्पीकर आणि प्लेट यांच्यामध्ये चार कोपऱ्यांना हरभऱ्याएवढ्या चिकट मातीच्या गोळ्या लावतात. पोस्टर चिकटवायची ती निळी माती चालते. त्याने पेटी घसरत नाही आणि किणकिण थांबते. स्पीकरच्या डोक्यावरच्या जागेचा प्रश्न मात्र कुठलाही स्टँड सोडवू शकलेला नाही. तिथे मनी प्लांटची बाटली येतेच.

जागा ठरवताना मागची भिंत विसरून चालत नाही. स्पीकर भिंतीला चिकटला की खर्ज फुगतो. कोपऱ्यात ढकलला तर आणखी. ६० सेंटिमीटर पुढे आणला तर आवाज मोकळा होतो आणि गॅलरीत जायचा रस्ता बंद. दहा बाय बाराच्या खोलीत हा वाद ध्वनिशास्त्राच्या बाजूने सुटल्याचे ऐकिवात नाही. फूटभरावर तडजोड होते.

देखभाल थोडीच. लोखंडाला पहिल्या पावसाळ्याआधी रेडऑक्साइड मारून वर रंग द्यावा, नाहीतर लादीवर तांबूस चौकोन उमटतो आणि तो सोफा सरकवूनच झाकावा लागतो. प्लायच्या तळाला वाळवीचे औषध. आटे पाडलेल्या रॉडचे नट दिवाळीच्या साफसफाईत एकदा आवळून घ्यावेत. भरलेली वाळू कंपनांनी हळूहळू दबते आणि वर्षभरात वर दोन बोटे पोकळी होते. टकटक केल्यावर वरचा भाग टणकन वाजू लागला की वरून भर घालावी. त्यासाठी म्हणून उरलेली वाळू डब्यात जपून ठेवलेली असते. तो डबा मात्र एव्हाना रिकामा करून, घासून, त्यात चकल्या भरलेल्या असतात.